फळ्यावरून आले

कोल्हार
४ फेब्रुवारी १९९६

प्रवीण,

जयभीम. अक्षर ओळखलं असशीलच. फाडू नकोस, पत्र कामाचं आहे. तुझा भोसरीचा पत्ता आबासाहेबांकडून घेतला. सख्ख्या भावाचा पत्ता चहाच्या हॉटेलात विचारावा लागला, त्यांनीही चहा गाळता गाळता सांगितला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

तीन वर्षांनी लिहितेय तर आधी खुशाली. आई बरी आहे. गोधड्या चालू आहेत, आता पुणतांब्याच्या बायासुद्धा जुनी लुगडी घेऊन येतात. कात्रीला अजून हात लावत नाही. तोच समोरचा दात, आणि दोरा तोडून तोडून त्याला पडलेली ती खाच. आता इतकी खोल झालीय की दोरा आपला आपण तिथे जाऊन बसतो. मी नगरहून चांगली कात्री आणली, तर म्हणाली, "ती हुडकत बसू का दोरा तोडू?" कात्री ट्रंकेत आहे.

फळाही चालू आहे. सकाळी सातला स्टँडवर मी, ओलं फडकं आणि खडूचा डबा. पाटाचं पाणी कधी सुटणार, लाईट किती वाजता जाणार, कांद्याचा भाव, कुणाची शेळी हरवली, कुणाकडे मुलगी झाली, आणि सगळ्यात खाली माझ्या मनातली एक ओळ. लोक ती ओळ आधी वाचतात आणि भाव नंतर. परवा लिहिलं, 'स्टँडच्या नळाला पाणी आले आहे. ज्याचे असेल त्याने ओळख पटवून घेऊन जावे.' ड्रायव्हर लोकांनी गाडी थांबवून वाचलं म्हणे. लंकाबाई भाजीची पाटी उतरवायच्या आधी कुणाला तरी धरते आणि फळा वाचून घेते. तिला एक अक्षर येत नाही, पण फळा चुकत नाही.

आता काम. वाचनालयाचे चारही पेपर बंद व्हायची वेळ आली आहे. वर्गणी देणारी आपल्या आण्णांच्या वेळची माणसं एकेक करून गेली. त्यांच्या पोरांच्या घरी टीव्ही आहेत, ते म्हणतात आता पेपर कशाला. पेपर नाही तर मी फळ्यावर काय लिहू, शेळ्याच?

अशात एक माणूस आला. सूर्यभान नाव. आधी सोनईच्या बाजारात बसायचा, आता स्टँडसमोरच्या गाळ्यात दातांचं दुकान टाकलंय. दारावर 'डॉक्टर' असं माझ्या फळ्यापेक्षा मोठं लिहिलंय. आत केस कापायच्या दुकानातली गोल फिरणारी खुर्ची. आणि काचेत, लोकांना दिसावी म्हणून, पेढ्याची बरणी. तिच्यात दात. माणसांचे. काही काळे, काहींना अजून मुळाशी काहीतरी चिकटलेलं. मी तोंडाला पदर लावला तर हसला. करंगळीचं नख वाढवलेलं, आणि त्याच हाताने तो लोकांच्या तोंडात जातो.

म्हणाला, "ताई, फळ्याच्या खालची पट्टी मला द्या. पर पट्टीचे पैसे मी देनार न्हाई. कोन वाचतंय, कोन नुसतं उभं ऱ्हातंय, मला काय ठावं? जो दुकानात यिऊन म्हनंल 'फळ्यावरून आलो', त्याच्यामागं दोन रुपये. वाचनाऱ्याचे न्हाईत, येनाऱ्याचे."

मला शिसारी आली आणि मी त्याला हाकलून दिलं, असं लिहायला फार आवडलं असतं. मी म्हणाले, विचार करते.

तुलाच का विचारतेय ते तुला माहीत आहे. पंख्याच्या दुकानाची तू फळ्यावर घेतलेली जाहिरात मी पुसली होती. त्यानंतर या गावात जाहिरातीचा विषय माझ्याजवळ काढायची कुणाची छाती नाही, आणि माझीही कुणाजवळ काढायची नाही. उरलास तू. घेऊ की नको? एका ओळीत कळव.

यशोधरा


कोल्हार
१९ फेब्रुवारी

प्रवीण,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघितली, दोन दिवस. मग पट्टी दिली.

आधी स्वतःला पुष्कळ समजावलं. म्हटलं, माझा मजकूर माझाच, त्याची फक्त पट्टी. नुसती वाचून गेलं कुणी तर त्याचं काय जातंय? ज्याचा दात दुखतोय तो कुठेतरी जाणारच, मग समोरच जाईल. आणि तुझं प्रकरण वेगळं होतं. तू आधीच सौदा करून आला होतास, मला न विचारता. मी निदान विचारलं तुला.

पट्टी मात्र त्याने खडूने नाही, पेंटर लावून ऑईलपेंटने लिहून घेतली. पिवळ्यावर लाल. 'दात दुखतो? समोर पाहा. फळ्यावरून आलो म्हणा.' मी सकाळी फडकं मारते, वरचं सगळं जातं आणि तेवढं राहतं.

पहिले आठ दिवस चिटपाखरूही गेलं नाही. मला वाटलं होतं मला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. रोज संध्याकाळी तो दारात उभा राहून लांबूनच हात हलवायचा, म्हणजे आज शून्य. हसायचा. आण्णांचा फळा, वीस वर्षांचा, आणि हा नखवाला मला सांगणार की तो कुणी वाचत नाही! नवव्या दिवशी सुरू झालं. एक जण गेलं, मग दुसरं. काल पाच गेले.

आईचीही एक दाढ काढली त्याच्याकडे. किडकी होती. थोडी सूज आहे, उतरेल.

एक सांगते, कुणाला सांगू नकोस. आधी मी फळा लिहून बाजूला उभी राहायची ती शेवटच्या ओळीला कोण हसतंय ते बघायला. आता लोक हसले की मी त्यांचे दात बघते. कुणाचा काळा आहे, कुणाचा हलतोय. काल आबासाहेब हसले तर माझ्या मनात आलं, वरची डावीकडची, महिनाभरात जाईल. मला माझीच किळस आली. तरी बघायची थांबले नाही.

मागच्या मंगळवारी 'सकाळी उठल्यावर दात कसे घासावेत' यावर चार ओळी लिहिल्या. लोकांच्या उपयोगाचं आहे. मिश्री सोडा असंही लिहिलं. त्यासाठी कांद्याचा भाव गाळावा लागला.

पेपर चालू आहेत.

यशोधरा


कोल्हार
३ मार्च

प्रवीण,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने वाचूनच दिलं, कारण वाचायला फार नव्हतंच. 'ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं, असं आण्णा म्हणायचे. तुला आठवतं का?' बस्स. ना खुशाली, ना आईची चौकशी, ना सही.

आठवतं. टोमणाही कळला. फळ्याचा तो एकच नियम होता, लिहिणाऱ्याच्या हातचं दुसऱ्याने पुसायचं नाही, चुकलं असेल तर त्याला बोलवायचं आणि त्याच्याच हाताने पुसून घ्यायचं. कुणाचं अक्षर दुसऱ्याने पुसणं म्हणजे त्याच्या तोंडावर फडकं मारणं, असं आण्णा म्हणायचे. हे मी विसरले नव्हते. विसरून नाही पुसलं मी तुझं.

जाऊ दे. मी तुला हे लिहायला बसले नव्हते.

परवा सकाळी लंकाबाई आली ती गालावर फडकं बांधून. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "काडून आले गं. तुज्यापायी." मला वाटलं थट्टा करतेय. तिची थट्टा अशीच असते, तोंड वाकडं करून. मी म्हटलं, "दुखत होती का?" तर म्हणाली, "दुखत न्हवती, पर आज ना उंद्या दुखलीच असती. तुजे पेपर बंद पडाय लागलेत म्हनं. आमाला काय द्यायला जमतंय, ताई? दाढ हाय ती दिली."

मी हसले, प्रवीण.

मग आबासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, अख्ख्या स्टँडला ठाऊक आहे. तो सूर्यभानच सांगतो येणाऱ्याला, की तुमच्या ताईला एका माणसामागे दोन रुपये मिळतात, फळा जगवायचा तर बसा खुर्चीत. "आता वर्गनी माग म्हनलं तर तू मागनार न्हाईस, तुजा तोरा आमाला म्हाईत हाय," असं म्हणाले. "मग असं तर असं. मी बी जानार हुतो, पर साखर वाढलीय म्हनून डॉक्टरनं नको म्हनलंय. खऱ्या डॉक्टरनं."

आता कळव मला, या लोकांचं काय करायचं? वीस रुपये वर्गणी मागितली तर खिसे चाचपतात, आणि दाढ मागितली तर तोंड उघडून उभे! इतका राग आला मला त्यांचा की त्या दिवशी मनातली ओळ लिहिलीच नाही. जागा कोरी ठेवली. लोक कोऱ्या जागेकडेही बघत उभे राहिले.

तू म्हणशील, मग पट्टी त्याच दिवशी बंद केलीस ना? नाही केली. महिना पुरा होईपर्यंत म्हटलं राहू दे.

आणखी एक. गेल्या आठवड्यात पेपरात बातमी होती, गावोगाव बसणाऱ्या बोगस डॉक्टरांवर कारवाई होणार म्हणून. ती फळ्यावर घेतली नाही. त्या दिवशी पाटाच्या पाण्याचं लांबलचक होतं, जागा नव्हती.

यशोधरा


कोल्हार
१२ मार्च

प्रवीण,

जागा होती.

आणि आईची दाढ नव्हती. किडकीही नव्हती. हे पत्र नीट वाच, पुन्हा लिहिणं मला जमायचं नाही.

आठ दिवस कुणी गेलं नाही, असं लिहिलं होतं. आठव्या संध्याकाळी त्याने हात हलवला तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी आले. आई गोधडी अंथरून बसली होती. मी म्हटलं, "आई, उद्या समोरच्या दुकानात जाऊन ये. काही करायचं नाही. फक्त म्हण, फळ्यावरून आले. तोंड दाखव, आणि ये." ती म्हणाली, "माजं काय दुखत न्हाई." मी म्हटलं, "दुखायची गरज नाही. एक माणूस गेलं की बाकीचे जातात."

मीच पाठवली. फळ्यावरून गेलेलं पहिलं माणूस म्हणजे आपली आई.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीच्या कामावरून आले तर उंबऱ्यात बसलेली, पदराचा बोळा तोंडात, बोळा लाल. मी म्हटलं, काय केलंस? तर बोळा काढून मला सांगायला लागली, शांतपणे, गोधडीचा हिशोब सांगावा तशी. "म्या म्हनलं फळ्यावरून आले. तो म्हनला, कंचा दात? आता काय सांगू? न्हाई म्हनले असते तर फळा खोटा पडला असता का न्हाई? फळ्यावरून आले म्हनायचं आन तसंच उठून यायचं, लोकं बसली हुती तिथं. तुज्या बापानं कदी फळ्यावर खोटं लिव्हलं न्हाई. मग म्या म्हनलं, हा घ्या. माजे बाकीचे समदे धड हायेत. ह्यालाच तेवडी खाच पडली हुती."

प्रवीण, मी तिला खोटं बोलायला पाठवलं होतं. तिला ते जमलं नाही, म्हणून तिने ते खरं करून आणलं.

चार दिवस तोंड सुजलेलं होतं. ताप होता. नगरला नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की हा कुणी आणि कशाने काढला, तर आई म्हणाली, "पडले." या वेळी मात्र खोटं बोलली, माझ्यासाठी. आता ताप नाही. सूज उतरली. तेवढं खरं लिहिलं होतं मी.

तरीही पट्टी मी ठेवली. यावर मी काही कारण देत बसत नाही. आई जाऊन आली आणि मग लोक जायला लागले. ताईची आई भामाबाई गेली म्हणजे बरंच असेल, असं म्हणून गेले. आणि मी संध्याकाळी तो दारातून किती बोटं दाखवतो ते बघत राहिले.

महिना भरून वर चार दिवस झाले, तेव्हा काल मी त्याला सांगायला गेले की बस झालं. तो म्हणाला, बसा की. त्याच खुर्चीत! मी उभी राहिले. त्याची पक्कड एका स्टीलच्या वाटीत, पाणी गुलाबी झालेलं, आणि तीच पक्कड झटकून तो पुढच्या माणसाच्या तोंडात घालतो. मग त्याने टेबलाखालून एक बरणी काढली. दुसरी. काचेतली नाही. वर कागद डकवलेला, कागदावर लिहिलेलं, 'फळा'.

"हिशेबात भांडान नको म्हनून येगळे ठिवले, ताई. तुमचे तुमी मोजून घ्या."

माझे मी मोजून घ्यायचे.

मी मोजले नाहीत. बरणीत हात घातला. आत ओलं होतं, चिकट होतं, आणि वास मी तुला सांगत नाही. तो बघतच राहिला. लंकाबाईची दाढ कुठली ते मला कळलं नाही. आईचा कळला. तळाशीच होता, पहिला पडलेला. अंगठ्याला खाच लागली. तेवढा घेऊन मी बाहेर आले. पैसे तिथेच टाकून आले. आधीचे त्याचे पैसे पेपरवाल्याला देऊन झाले होते, ते आता परत येत नाहीत.

घरी येऊन हात सात वेळा धुतला. अजून वास येतोय असं वाटतं. दात आईला दिला. तिने उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, "मंग आता काय करू ह्याचं? शिवू का ह्यानं?" मला परत दिला. खडूच्या डब्यात ठेवलाय.

ती आता कात्री वापरते. हरवू नये म्हणून नाडीला बांधून गळ्यात घातलीय. दोरा ओढला की अजून आधी तोंडाकडेच नेते, मग थांबते.

यशोताई


कोल्हार
१५ मार्च

प्रवीण,

सूर्यभान गेला. गाळा रिकामा आहे. दोन्ही बरण्या घेऊन गेला, कुठल्या बाजाराला ते कुणाला माहीत नाही. पोलिसात लिहून दिलंय, ते शोधतील तेव्हा शोधतील. तालुक्याच्या इतर गावांतही असेच बातम्यांचे फळे आहेत, तिथल्या लिहिणाऱ्यांना मी पत्रं टाकली. त्यांना तरी बातमीला जागा असेल.

पट्टी अजून तशीच आहे. ती मी पुसली नाही. तिच्या वर, फळाभर, मी हे लिहिलंय: 'खालची जाहिरात खोटी आहे. कुणी जाऊ नये. तिच्यासाठी मी माणसामागे दोन रुपये घेतले. पहिला दात माझ्या आईचा गेला, तो दुखत नव्हता. तिला मी पाठवले होते. यशोधरा.' पाणी, लाईट, भाव काहीच नाही. आज चौथा दिवस, तेच ठेवलंय.

लोक काय म्हणतात माहीत आहे? आबासाहेब म्हणाले, "पुसून टाक आता, कळलं समद्यांना." लंकाबाईने कुणाकडून तरी पुरतं वाचून घेतलं आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हे तू न्हाई लिव्हलं. तुज्यावर जळनाऱ्यानं कुनीतरी लिव्हलंय. म्या सांगते समद्यास्नी." गालावर अजून फडकं आहे तिच्या. मी म्हटलं, बाई, मीच लिहिलंय, खाली माझं नाव आहे. तर म्हणाली, "नाव काय, कुनी बी लिव्हतंय." इतका विश्वास कुणी माझ्यावर ठेवू नये असं वाटलं. अंगावर पाल पडावी तसं झालं.

वर्गणीचं भांडं मी काल हॉटेलात ठेवलं. आण्णांचं जुनंच. हात पसरायची लाज वाटली म्हणून मी लोकांच्या दाढा घेतल्या, हे आता कळतंय. काही जमतंय, काही नाही. चार पेपर जमले नाहीत तर एक घेईन.

आता तुझं. त्या पंख्याच्या दुकानाने वाचनालयाला पंखा दिला होता, जाहिरातीच्या बदल्यात. तुझं मी पुसलं, पण पंखा परत केला नाही. तीन उन्हाळे त्याच्याच खाली बसून मी पेपर वाचले, आणि तुझ्यावर राग धरला. तुझ्या जाहिरातीने कुणाचं नखही दुखलं नव्हतं. मला राग जाहिरातीचा नव्हताच. फळ्यावर माझ्याशिवाय दुसऱ्याचं अक्षर मला नको होतं. हे कबूल करायला मला तीन वर्षं लागली, आणि आईचा एक दात.

नियमाप्रमाणे माझं मीच पुसायला हवं. पण तो नियम मी तुझ्यावर मोडला, तेव्हा तो माझ्यासाठी उरत नाही. म्हणून तू ये. वरचं माझं अक्षर आणि खालची पट्टी, सगळं तू पूस. वरचं पाण्याने जाईल. खालच्याला रॉकेल लागेल, ते आणून ठेवलंय. तुझं पुसताना भर स्टँडवर मी तुला जे म्हणाले होते, ते पुसताना मला म्हण, जसंच्या तसं. शब्द तुला पाठ असतील.

सकाळी सात ते साडेसात स्टँडवर माणसं सगळ्यात जास्त असतात. त्याच वेळी ये.

ताई